घरातलं देणं

लालबाग-परळच्या चाळींत खोली घ्यायची वेळ आली की बँकेआधी घरातलीच माणसं पुढे होत. गिरणीतून सुटलेल्या वडिलांचा फंड, थोरल्या भावाची ग्रॅच्युइटी, वहिनीच्या पाटल्या. भाडेपावती मात्र एकाच्याच नावावर. १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या कित्येक घरांनी असेच दिवस काढले. भावाकडे चिठ्ठी मागणं कुणालाच बरं दिसत नसे. पुढे चाळ पुनर्विकासाला जाते, दहा बाय बाराच्या खोलीला कोटीचा भाव येतो, आणि मग एक भाऊ म्हणतो, ‘मी उसने दिले होते.’ दुसरा म्हणतो, ‘घरासाठी दिलेस, मला नाही.’

दोघेही खोटं बोलत नसतील. म्हणूनच हा प्रश्न पैशाच्या हिशेबाइतकाच धर्माचाही आहे: एका घरातल्या माणसांत कर्ज असू शकतं का?

याज्ञवल्क्यस्मृतीचं उत्तर स्पष्ट आहे. भाऊ, पती-पत्नी, बाप-लेक अविभक्त असतील तर त्यांच्यात ऋण नाही, जामीनकी नाही, एकमेकांसाठी साक्षही नाही. नारदस्मृती उलट बाजूने तेच सांगते: असे व्यवहार विभक्त भावांनी करायचे. म्हणजे ज्या दिवशी भाऊ भावाला उसने देतो, त्या दिवशी वाटणी मनात तरी झालेली असते. गिरगावात आंग्रेवाडीत राहून उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) व्यवहाराच्या या नियमांची सविस्तर मांडणी केली आहे. ते वाचताना जाणवतं की स्मृतिकारांना भावकीची चांगली ओळख होती.

बापाच्या कर्जाबाबत मात्र शास्त्र कडक होतं. बृहस्पतीच्या मते मुलाने ते व्याजासकट फेडावं, नातवाने फक्त मुद्दल. दारू-जुगारासारखी कर्जं मात्र वगळली. मुंबई इलाख्यात वारशात काही मिळालं नसलं तरी मुलावर हा बोजा येई. १८६६च्या कायद्याने तो मिळालेल्या मालमत्तेपुरता मर्यादित केला. ९ सप्टेंबर २००५पासून घेतलेल्या कर्जासाठी तर केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून अशी वसुली करण्याचा हक्क न्यायालय मान्यच करत नाही.

आजचा कायदा भावाभावांतलं कर्ज मानतो, पण पुरावा मागतो. उसन्या रकमेचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. ‘पैसा सगळ्यांचा होता’ म्हणणाऱ्याचीही सुटका नाही. कांगो कुटुंबाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुटुंब एकत्र आहे एवढ्यावरून मालमत्ता एकत्र ठरत नाही. ती घेता येईल एवढी एकत्र मिळकत होती, हे आधी दाखवावं लागतं. न बोलता, विश्वासावर पैसे देणारा भाऊ दोन्हीकडून अडतो.

तरीही मुदत संपली म्हणजे देणं संपलं, असं कायदाही म्हणत नाही. मुदतीनंतर बंद होतो तो दाव्याचा मार्ग. १८७२च्या करार कायद्यानुसार असं जुनं देणं फेडण्याचं सहीनिशी लेखी वचन दिलं, तर ते आजही बंधनकारक ठरतं. ज्याला भावाचे पैसे आठवतात, त्याला कोर्टाच्या आड लपायचं कारण उरत नाही.

आणि त्या पाटल्या? दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, कैद: एवढ्याच संकटांत नवऱ्याने वापरलेलं स्त्रीधन परत करण्याचं बंधन याज्ञवल्क्य घालत नाही. घरखरेदी त्या यादीत नाही. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रीधन पत्नीचंच असल्याचं ठणकावून सांगितलं. खोलीच्या वादात भाऊ भांडतात, आणि जिचं सोनं मोडलं तिला कुणी विचारतही नाही. हा सरळ अन्याय आहे.

ज्यांच्या घरात अशी रक्कम अजून तोंडीच आहे, त्यांनी पुनर्विकासाच्या करारावर सही होण्याआधी एकत्र बसावं. रक्कम, तारीख, ती उसनी, भेट की हिस्सा, हे लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. त्या कागदावर पाटल्यांचं वजनही यायला हवं.