कापडातले रूपक : वैमानिकाचा गणवेश आणि आप्तत्वाचा प्रश्न

न्यायदर्शनात शब्दप्रमाणाचा विचार करताना आप्त कोणाला म्हणावे, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणून त्याचे वचन प्रमाण. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची पारख, निदान कालांतराने, करता येते हे या व्याख्येत गृहीत आहे. आधुनिक माणूस मात्र ज्यांच्या हाती स्वतःला सोपवतो त्यांच्यापैकी बहुतेकांची पारख त्याला कधीच करता येत नाही. विमानातील प्रवाशाला वैमानिकाचे कौशल्य दिसत नाही, पुष्कळदा चेहराही दिसत नाही. क्षणभर दिसतो तो गडद निळा कोट, बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या आणि टोपी. आप्तत्वाची जागा येथे आप्तत्वाच्या चिन्हाने घेतलेली असते.

हे चिन्ह वैमानिकाच्या व्यवसायातून उगवलेले नाही. उघड्या विमानांच्या काळातला त्याचा पोशाख सरळ कामाचा होता. चामड्याचा कोट थंडीसाठी, गॉगल वाऱ्यासाठी आणि इंजिनातून उडणाऱ्या तेलासाठी, गळ्याभोवतीचा रेशमी रुमाल सतत मान वळवताना ती सोलवटू नये म्हणून. तो पोशाख धोका लपवत नव्हता, उलट बोलून दाखवत होता. टपाल नेणाऱ्याला ते चालण्यासारखे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या थैल्या होत्या. आणि थैल्यांना धीर द्यावा लागत नाही.

अडचण सुरू झाली ती तिकीट काढणाऱ्या माणसापासून. अमेरिकेत १९२७ साली सुरू झालेल्या पॅन अमेरिकन कंपनीला जे धनिक प्रवासी हवे होते, ते आगबोटीने जाणारे होते. चामड्याच्या कोटातला उडाणटप्पू वीर त्यांना जत्रेतल्या कसरतींची आठवण करून देई. कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांनी यावर काढलेला तोडगा मूलतः साहित्यिक स्वरूपाचा होता. १९३१ मध्ये सिकोर्स्की एस-४० ही पाण्यावर उतरणारी विमाने सेवेत आली. त्यांना वेगवान शिडाच्या जहाजांवरून ‘क्लिपर’ हे नाव मिळाले. वैमानिक ‘कॅप्टन’ झाला, त्याचा सहकारी ‘फर्स्ट ऑफिसर’ झाला आणि दोघांच्याही अंगावर नौदलाच्या धर्तीचा पोशाख आला. उपमेयावर उपमानाचा अभेदारोप म्हणजे रूपक, असे अलंकारशास्त्र सांगते. येथे तो आरोप शब्दांबरोबर कापडातही केला गेला. पुढे पाण्यावर उतरणारी प्रवासी विमाने मोठ्या मार्गांवरून गेली, पण जगभरच्या कंपन्यांत कप्तानाच्या चार आणि सहवैमानिकाच्या तीन पट्ट्या रूढ झाल्या. आधार नाहीसा झाल्यावरही रूपक टिकले. एवढेच नव्हे, तर १९६३ च्या टोकियो करारात उपद्रवी प्रवाशाला आवरण्याचे अधिकार विमानाच्या कमांडरला मिळाले. वेश आधी आला, कायद्याचे हे कलम मागाहून.

रोलां बार्त यांनी १९५७ च्या ‘मितॉलॉजी’मध्ये जेट-वैमानिकावर एक छोटा निबंध लिहिला आहे. त्या वैमानिकाचा खास पोशाख त्यांना जणू नव्या जातीच्या माणसाची कातडी वाटतो. प्रवासी विमानाच्या वैमानिकाबाबत हे लागू पडत नाही. सर्वांत नवे यंत्र चालवणाऱ्या या माणसाला जाणूनबुजून जुन्या काळाचा पोशाख दिला गेला. भविष्याची भीती भूतकाळाच्या कापडात गुंडाळली, असेही म्हणता येईल.

मग ही फसवणूक म्हणावी काय? योगायोगाने १९३१ सालीच बर्लिनमध्ये कार्ल त्सुकमायर यांचे कोपेनिकच्या कप्तानावरील नाटक रंगभूमीवर आले. व्हिल्हेल्म फोग्ट नावाच्या चांभाराने १९०६ मध्ये जुना लष्करी गणवेश विकत घेऊन, रस्त्यात भेटलेल्या सैनिकांना हुकूम सोडून नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरीतली रक्कम नेली, ही त्यामागची सत्यघटना. तेथे चिन्ह होते, पद नव्हते. उलट बाजूही आहे. हेलन रिची यांना १९३४ मध्ये अमेरिकेतील एका विमान कंपनीने वैमानिक म्हणून घेतले. कौशल्य निर्विवाद होते, पण वैमानिकांच्या संघटनेने सभासदत्व नाकारले आणि वर्षभरातच त्यांनी नोकरी सोडली. वैमानिकाचा गणवेश मात्र फोग्टच्या गणवेशासारखा खोटा नाही. तो घालणारा बहुधा खरोखरच प्रशिक्षित असतो. दोष निराळाच आहे. हा गणवेश एका वेळी दोन विधाने करतो : ‘याला येते’ आणि ‘याला विचारू नका’. प्रवाशाला गरज पहिल्याची होती. दुसरे जहाजाच्या रूपकाबरोबर आपोआप आले, कारण समुद्रावर कप्तानाचा शब्द अखेरचा.

आणि या दुसऱ्या विधानाचा वाचक प्रवासी नसून शेजारच्या आसनावरचा माणूस ठरला. कॉकपिटमध्ये शिरल्यावर टोपी निघते, कोट खुंटीला लागतो. खांद्यावरच्या पट्ट्या तेवढ्या राहतात. म्हणजे धीर देणारा भाग गळून पडतो आणि श्रेणी सांगणारा उरतो. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरील धुक्यात के.एल.एम. आणि पॅन अमेरिकन या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसे मेली. के.एल.एम.चा कप्तान त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता; कंपनीच्या जाहिरातीत त्याचेच छायाचित्र होते. सहवैमानिकाची ७४७ वरील परीक्षा काही काळापूर्वी त्यानेच घेतली होती. अनुमती मिळण्याआधी कप्तानाने इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकाने एकदा थांबवले. दुसऱ्यांदा थांबवले नाही. समोरचे विमान बाजूला झाले नाही काय, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. उत्तर ठाम आले आणि प्रश्न तेथेच मिटला. रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश, संदिग्ध शब्दयोजना, उशीर ही कारणेही होतीच. सारा भार पट्ट्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या विमानावर आदळले त्याचे नाव ‘क्लिपर व्हिक्टर’ होते, हा तपशील विसरता येत नाही.

१९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेनंतर आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सच्या प्रशिक्षणातून कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, ही शिस्त शिकवली जाऊ लागली. पट्ट्या मात्र कोणी उतरवल्या नाहीत. त्या उतरवाव्यात असे म्हणणेही सोपे नाही : धुराने भरलेल्या विमानातून शंभर माणसांना बाहेर काढताना कोणाचे ऐकायचे हे एका दृष्टिक्षेपात कळावेच लागते. त्या घटकेला प्रवाशाला जी निमूट आज्ञाधारकता वाचवते, तीच उड्डाणापूर्वी सहवैमानिकाला घातक ठरते. आणि दोघेही एकच कापड वाचत असतात.

अपघातानंतर कॉकपिटमधील संवादांची संहिता छापली जाते. नाटकाप्रमाणे तिच्यात डाव्या बाजूला पदनाम असते, पुढे वाक्य, मध्ये सेकंदांचा हिशेब. नेपथ्य आणि वेशभूषा यांच्या सूचना तिच्यात नसतात. म्हणून वाचणाऱ्याला तिथली शांतता अनाकलनीय वाटते : तिसऱ्या माणसाला शंका आहे, ती त्याने उच्चारलीही आहे, आणि तरी पुढच्या ओळीत कोणीच काही बोलत नाही.