ग्रंथाचे फल

ग्रंथाचा अर्थ त्याच्या अक्षरांत असतो, ग्रंथकाराच्या मनात असतो, की तो ग्रंथ प्रमाण मानून चालणाऱ्यांच्या आचरणात असतो, हा प्रश्न आपल्याकडे पुरातन आहे. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयासाठी सहा गमके सांगितली: उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्यांनी मंडालेच्या बंदिवासात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभी हीच कसोटी पुढे ठेवून गीतेचे तात्पर्य शोधले. या सहांपैकी फल या एकाच गमकाचा विचार येथे करावयाचा आहे. मीमांसक ज्याला फल म्हणतात ते ग्रंथाने स्वमुखाने सांगितलेले फल होय; ग्रंथाने समाजात प्रत्यक्ष कोणते फल दिले याची चौकशी त्यांनी आपल्या कक्षेबाहेर ठेवली. ती चौकशी महाडास झाली.

या मुलखाला ग्रंथांचे वावडे नाही. महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. दोनशे समासांच्या या ग्रंथात अक्षर कसे वळवावे, ओळ कशी राखावी, शाई आणि लेखणी कशी असावी यासाठी एक संपूर्ण समास खर्ची पडला आहे, हे पाहून लेखनाविषयी एवढी आस्था बाळगणाऱ्या पुरुषाबद्दल आदर दुणावतो. परंतु त्याहून महत्त्वाचा विचार सातव्या दशकातील श्रवणनिरूपणात आहे. ग्रंथ कशाला म्हणावे याचे लक्षण समर्थ तेथे श्रोत्याच्या ठिकाणी होणाऱ्या पालटावरून ठरवितात. ज्याच्या श्रवणाने अनुताप उपजत नाही आणि परमार्थ वाढत नाही, ते कितीही रसाळ असले तरी त्यास ग्रंथपदवी देण्यास त्यांची तयारी नाही. घळीपासून थोड्या अंतरावरील पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे ‘शिवभारत’ बत्तिसाव्या अध्यायात मध्येच थांबते, आणि ज्या ग्रंथास उपसंहारच नाही त्याला उपक्रमोपसंहाराची कसोटी लावणार कशी, हा पेच अभ्यासकापुढे उभा राहतो.

आता महाडच्या दफ्तराकडे वळू. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. पुढील वर्षी महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. भाषा सुबोध होती, अभिधेविषयी संदेह नव्हता, लक्षणा वा व्यंजना यांचे तेथे कामच नव्हते. आणि तरीही १९२७ च्या मार्चपर्यंत त्या तळ्याचे पाणी एकाही अस्पृश्याच्या ओठी लागले नव्हते. दुसरीकडे मनुस्मृती: बाजारपेठेतील किती गृहस्थांनी ती मूळ संस्कृतात उघडून पाहिली असेल? तिच्यातील श्लोक ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या हातून तिचा अंमल बिनबोभाट चालू होता. डोळ्यांसमोरचा ठराव कोणी पाळीत नव्हते आणि न वाचलेली स्मृती सर्व पाळीत होते, ही गोष्ट शब्दार्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला दिसली नाही, आणि तिचा विचार न करणारे शब्दार्थशास्त्र मला अपुरे वाटते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या जनसमुदायाने ते पाणी प्राशन केले, तेव्हा तीन वर्षे कागदावर राहिलेले वाक्य प्रथमच पूर्ण झाले. स्पृश्यांनी त्यानंतर परतणाऱ्या माणसांना मारहाण केली, पाणी उपसून टाकले, पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला. डिसेंबरात महाडास सत्याग्रहाची परिषद भरवावयाची होती; तिला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी मांडला आणि राजभोज यांनी त्यास अनुमोदन दिले.

ग्रंथ जाळणे म्हणजे वाचनास नकार देणे, असा आक्षेप तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो मला मान्य नाही. पुढची पिढी ज्यांच्या अध्ययनाची ग्वाही देते, त्या आंबेडकरांनी स्मृतीचे श्लोक तोलून पाहिले होते. अग्नीपूर्वी वाचन होते आणि वाचनानंतर निवाडा होता. अनिष्ट वचने प्रक्षिप्त ठरवावीत, अर्थवाद म्हणून सोडून द्यावीत, कलिवर्ज्यांत घालावीत, हा शास्त्रीपंडितांचा मार्ग सौम्य खरा; परंतु कोणते वचन अर्थवाद हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तोच त्या वचनाखाली सुखरूप असतो, ही त्याची मोठी उणीव आहे.

हा वाद १९३६ साली स्पष्ट रूपाने पुढे आला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे न झालेले भाषण आंबेडकरांनी छापून काढले आणि गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याचा परामर्श घेतला. खरे शास्त्र शाश्वत सत्यांशीच संबद्ध असते, धर्माची पारख त्याच्या उत्तम प्रतिनिधींवरून करावी, असे गांधीजींचे म्हणणे. शास्त्राचा अर्थ लोकांनी काय घेतला आणि त्याप्रमाणे ते कसे वागले हेच निर्णायक, असे आंबेडकरांचे. गांधीजींच्या भूमिकेतील उदात्तता मी नाकारीत नाही. परंतु संतांचे वाचन थोड्यांना लाभते. तळ्यावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईची गाठ सामान्यांच्या वाचनाशी पडते, आणि तिच्या बाजूने पाहिले असता मला आंबेडकरांचा पक्षच सत्याच्या जवळचा वाटतो.

स्पृश्यांनी लावलेला तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. वादींनी अनादी वहिवाटीचा आधार घेतला. न लिहिलेले, कर्त्याचे नाव नसलेले असे ते एक शास्त्रच होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी, अशी अनादी रूढी शाबीत झाली नाही, म्हणून अपील फेटाळले.

त्यानंतर आंबेडकरांवर स्वतः धर्मग्रंथ रचण्याची वेळ आली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. बुद्धाच्या नावावर चालणाऱ्या अफाट वचनभांडारातून कोणते वचन बुद्धाचे मानावे, यासाठी त्यांनी तेथे कसोट्या दिल्या: ते विवेकाला आणि तर्काला धरून असावे, आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडले नाहीत हे ध्यानात ठेवावे. फलाचे गमक येथे ग्रंथ वाचून झाल्यावर लावले जात नाही. कोणते वचन ग्रंथात यावे हेच ते ठरविते.