हरभऱ्यातलं लाल लुगडं

आमच्या घरात मिरची तोडायला मला कुणी नेत नाही. झाडावर हिरवी कुठली, पिकून लाल झालेली कुठली, हे मला लवकर उमगत नाही. हाताला लागली, जरा मऊ पडली, की मग कळतं. लग्न झाल्यावर पहिल्याच साली मी पाटीभर मिरची तोडून आणली, तर बायको पाटीकडं बघतच राहिली. "अवो, ह्यात निम्मी कच्ची हाय की!" तेव्हा तिला सांगावं लागलं. तोवर आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला स्वतःला कळलं ते १९७९ साली. दहावी होऊन तीन वर्षं झाली होती, घरी दुष्काळी रान, म्हणून फौजेच्या भरतीला गेलो. पळालो, छाती भरली, वजन भरलं. मग डॉक्टरांनी एक पुस्तक पुढं धरलं. पानावर नुसते रंगीत ठिपके. म्हणाले, आकडा वाच. मी म्हटलं, आकडा कुठाय? त्यांनी पान उलटलं, पुढचं दाखवलं, तिथंही मला ठिपकेच. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि मला रांगेबाहेर काढलं. ते पुस्तक इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरानं १९१७ साली काढलेलं, हे मी फार पुढं वाचलं. त्या दिवशी एवढंच कळलं की बाकी पोरांना जे दिसतं ते मला दिसत नाही. गावात येऊन सांगितलं, छाती अर्धा इंच कमी पडली. ती थाप मी चाळीस वर्षं जपली.

हा दोष आईकडून येतो. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, पण तिच्या बापाचा दोष तिच्यातून मुलाकडं उतरतो. आमचे आजे, म्हणजे आईचे वडील, बाजारात कापड घेताना सोबत कुणालातरी न्यायचेच. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला सोबतीची हौस आहे.

आता मूळ गोष्टीकडं येतो. चार-सहा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या हायस्कुलानं पोरांची फोटोची स्पर्धा ठेवली. विषय होता 'आमचं शिवार'. मोबाईलवर काढलेले फोटो मोठे छापून वर्गात लावले होते. माझं एक पुस्तक निघाल्यापासून मला अशा ठिकाणी बोलावतात. परीक्षक तिघं : चित्रकलेचे एक गुरुजी, तालुक्याचे एक स्टुडिओवाले आणि मी. शाल, नारळ, खुर्ची. बोलावणं आलं तेव्हा मनात आलं होतं की आपल्याला रंगांचं अडतं, सांगून टाकावं. पण शाल-नारळापुढं तोंड उघडलं नाही. मनाशी म्हटलं, शिवार आपण साठ वर्षं बघतोय, त्यात रंगाचं काय एवढं?

एका अर्थी ते खोटंही नव्हतं. एका फोटोत बैलजोडी, नांगर, मागं उगवता सूर्य. स्टुडिओवाल्यांना फार आवडला. मी म्हटलं, "अवो, ह्या रानात गुडघाभर पीक उभं हाय. उभ्या पिकात नांगर कोण घालतं? फोटोपुरते बैल उभं केल्यात." त्यांनी पुन्हा बघितलं आणि गुण कमी केले. तेव्हा मला जरा बरं वाटलं, खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं.

मग एक फोटो आला. हरभऱ्याचं रान, लांबून काढलेलं. ओळी सरळ, वर आभाळ. मध्ये कुठंतरी मातीच्या ढेकळासारखं काहीतरी. मी बराच वेळ बघितलं. रिकामं रान, त्यात बघायचं काय? दहापैकी तीन दिले. गुरुजींनी आठ दिले होते, स्टुडिओवाल्यांनी नऊ. बेरीज झाली वीस. पहिला आलेल्या फोटोला तेवीस होते. त्या फोटोला कसलंच बक्षीस आलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर चहा पिताना गुरुजी म्हणाले, "आबा, त्या लाल लुगड्याच्या फोटोला तुम्ही तीनच दिले? सगळं रान हिरवं आणि मधोमध ती एकच लाल बाई, भाजी खुडत वाकलेली. आम्हाला वाटलं, तुम्हालाच जास्त आवडेल."

मी कप खाली ठेवला. उठून पुन्हा त्या वर्गात गेलो. नाकाला कागद लागेल इतका जवळून बघितला. तेव्हा वाकलेली पाठ दिसली, डोक्यावरचा पदर दिसला. ढेकूळ नव्हतं ते, माणूस होतं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी हेडमास्तरांकडं जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं, आबा. बक्षिसं वाटून झाली. त्या पोराकडून आता परत कसं घ्यायचं?" तेही बरोबर. त्या पोराचा काय गुन्हा? मग मी त्या पोरीच्या घरी गेलो. नववीतली पोर. ओसरीवर बसलो आणि दोघी मायलेकींपुढं सगळं सांगितलं.

आई हसली. म्हणाली, "जाऊ द्या वो आबा. मला कुणी बघावं म्हणून का मी भाजी खुडत व्हते?" तेव्हा मला कळलं की फोटोतली बाई तीच.

पोरगी हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्हाला लहानपणापासनं ठाव व्हतं?"

"तरुणपणापासनं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चुकून झालं असं म्हणता आलं नाही. ती आत गेली, मोबाईल घेऊन आली. तोच फोटो, पण रंग काढून टाकलेला, जुन्या काळी निघायचा तसा काळा-पांढरा. आईला दाखवला. आईनं डोळे बारीक केले. "ह्यात मी कुठंय गं?" तिलाही सापडेना. पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, तुमी खोटं गुण दिलं नव्हतं. तुमाला दिसलंच नाय." पण तिनं पहिला प्रश्न मागं घेतला नाही, तो तसाच राहिला.

तेव्हापासून मी ह्यावर विचार करतोय. ज्याला सगळं दिसत नाही त्यानं न्याय करावा का? मग कुणी करावा? स्टुडिओवाल्यांना उभ्या पिकातला नांगर दिसला नाही. गुरुजींना वाटत होतं की ती बाई तण काढतेय. भाजी खुडतेय हे त्यांना मुलांनी सांगितलं. प्रत्येकाच्या डोळ्याला कुठंतरी भोक आहे. माझं म्हणाल, तर टिटवीची अंडी खड्यांमध्ये पडलेली असतात, ती गड्यांच्या पायाखाली जातील पण मला आधी दिसतात. म्हणून डोळ्यात खोट आहे एवढ्यानं माणूस परीक्षक व्हायला नालायक ठरत नाही.

पण त्या दोघांना त्यांची खोट ठाऊक नव्हती. मला माझी ठाऊक होती. फरक तिथं आहे. आमच्याकडं पूर्वी बांधाचा तंटा पंचांपुढं यायचा. वादी पंचाच्या भावकीतला निघाला, तर तो पंच आपणहून सांगायचा, "हा माझ्या भावकीतला हाय, मला ह्यात धरू नका." त्यात कमीपणा नव्हता. न सांगता बसला असता तर कमीपणा होता. बैलबाजारात मात्र उलटं. बैलाची खोड विकणारा सांगत नाही, घेणाऱ्यानं दात बघायचे, चालवून बघायचं. त्या दिवशी मी पंचाच्या खुर्चीत बसलो आणि वागलो दलालासारखा.

आणि खोट ठाऊक असली, तरी ती पुरती ठाऊक असते असं नाही. जॉन डाल्टन म्हणून इंग्लंडात मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याला माझ्यासारखंच दिसायचं. त्यानं १७९४ साली स्वतःच्या डोळ्यांवर निबंध लिहिला, लपवलं नाही. त्याचा समज होता की आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं. मेल्यावर डोळा कापून बघा, असं सांगून ठेवलं. १८४४ साली तो गेला, डोळा बघितला, तर पाणी स्वच्छ होतं. कारण त्यानं चुकीचं धरलं होतं. पण त्यानं आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्यांना ती चूक तपासता आली. माझी कोण तपासणार होतं? मी तर छातीच अर्धा इंच कमी भरवली होती.

परवा लेकीचा मुलगा सुट्टीला आला होता. चित्राच्या वहीत झाडाचं खोड हिरवं रंगवलेलं, बाईंनी त्यावर लाल फुली मारलेली. बायको म्हणाली, फुली केवढी मोठी मारलीय. नातवाला ती फुली नीट दिसली नसावी. मी त्याला मांडीवर घेतलं आणि मिरचीची पाटी, फौजेची भरती, सगळं सांगितलं. लेकीला म्हटलं, शाळेत जाऊन बाईंना सांग. ती म्हणाली, "पोरं चिडवतील त्याला." मी म्हटलं, "चिडवू देत. आत्ता सांगितलं तर सोपं जातं."

आता मला परीक्षक म्हणून बोलावलं तर मी जातो. खुर्चीत बसायच्या आधी सांगतो की मला तांबडं-हिरवं वेगळं दिसत नाही. रंगीत फोटो आला की शेजारच्याला विचारतो, "इथं कुठला रंग हाय?" लोक हसतात. त्या पोरीचा फोटो तिच्याकडून मागून घेतलाय, ओसरीवर लावलाय. येताजाता बघतो. बाई कुठं आहे हे आता पाठ झालंय, पण लाल लुगडं अजून दिसलेलं नाही.