कथलाचे पदक

मद्रास रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचा बिल्ला जवळून पाहिला तर त्यावर एक हत्ती दिसतो. दक्षिणेकडची पलटण, तेव्हा हत्ती देवळातला किंवा नीलगिरीच्या रानातला असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या मराठवाड्यातला आहे. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी कंपनी सरकारची जी लढाई झाली, तिची खूण म्हणून हा हत्ती मद्रासच्या पलटणींना मिळाला. तो आजही त्यांच्या माथ्यावर आहे. या रेजिमेंटचे मुख्य केंद्र नीलगिरीतल्या वेलिंग्टन छावणीत आहे आणि छावणीचे नाव ज्याच्या किताबावरून पडले तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजेच असईच्या रणात घोड्यावर बसलेला आर्थर वेलस्ली.

असईची लढाई आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. इंग्रजांनी मात्र ती विसरायची नाही असे ठरवले होते. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज पसरलेली होती आणि तिच्याजवळ शंभराच्या आसपास तोफा होत्या. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले, तरी नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताहेत त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि तिथून माणसे पार केली. प्रत्यक्ष लढलेल्या त्याच्या साधारण साडेचार हजार माणसांपैकी दीड हजारांहून अधिक मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. त्यातले काही तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले, शत्रूची रांग पुढे सरकली तसे उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने उतारवयात आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेतले, असे सांगतात.

या लढाईच्या नावाने ध्वज निघाले, बिल्ले निघाले, पदके निघाली. त्या गोलंदाजांचे नाव यांपैकी कशावरही नाही. मद्रासहून चालत आलेल्या तेलुगू-तमिळ शिपायांचे तरी कुठे आहे? त्यांच्या वाट्याला हत्ती आला. युद्धाच्या स्मरणवस्तूंकडे पाहताना मला हेच सारखे खुपते. सेनापतीचे नाव कोरले जाते, त्याचा चेहरा ओतला जातो आणि ज्यांच्या जिवावर तो जिंकला त्यांना एक चिन्ह किंवा एक आकडा मिळतो.

ही उतरंड किती उघडपणे मांडली जात असे, ते पाहायचे तर श्रीरंगपट्टणच्या पदकाकडे पाहावे. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान मारला गेला. त्या विजयाचे पदक कंपनीने इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतले आणि १८०८ साली ते इकडे वाटले. एका बाजूला खाली पडलेल्या वाघावर चाल करून त्याला दाबून धरणारा सिंह, वर फडकणाऱ्या निशाणावर अरबी अक्षरे आणि खाली रोमन आकड्यांत तारीख. दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला आणि फारसी मजकूर. साचा सगळ्यांसाठी एकच होता, धातू मात्र वेगळा. सोन्याचे पदक सेनानी आणि बड्या सरदारांना, सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे वरच्या अधिकाऱ्यांना, नुसत्या चांदीचे त्यांच्या खालच्यांना, काशाचे हवालदार-नाईकांना आणि साध्या शिपायाला कथलाचे. कल्हईवाला भांड्याला लावतो ते कथील. तटाला पडलेल्या खिंडारातून सगळे एकाच दुपारी आत घुसले होते आणि अंगावर आलेली गोळी हुद्दा पाहून येत नव्हती. नऊ वर्षांनी पदके आली तेव्हा मात्र प्रत्येकाचा धातू ठरलेला होता.

कंपनीने आपल्या शिपायाला पदक दिले ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, हेही नोंदवायला हवे. युरोपातल्या बहुतेक फौजांत तेव्हा साध्या सैनिकाला असे काही मिळत नसे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात गुजरातेपर्यंत चालत आलेल्या बंगालच्या शिपायांना कंपनीने दख्खनचे पदक दिले होते. परमुलखात, परक्या मालकासाठी लढणारा माणूस पगारासाठी येतो हे खरे. पण तो टिकतो मानासाठी, हे कंपनीच्या कारभाऱ्यांना नेमके कळले होते. ते मान देत होते. किती द्यायचा, ते मापही त्यांच्याच हातात होते.

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आज तामिळनाडूची विधानसभा भरते. त्याच आवारात, १७९५ च्या जुन्या एक्स्चेंज इमारतीत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि तिथे लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा आहे. थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १८०० च्या सुमारास जहाजाने मद्रासला आला. अमेरिकेत यॉर्कटाऊनला ज्याने १७८१ मध्ये शरणागती पत्करली, तोच हा कॉर्नवॉलिस. पुतळ्यापेक्षा त्याची बैठक पाहण्यासारखी आहे. टिपूची दोन मुले ओलीस म्हणून त्याच्या हाती दिली जात आहेत, असा प्रसंग तिच्यावर उठावात कोरला आहे. १७९२ च्या फेब्रुवारीतली ही घटना. थोरला मुलगा दहाच्या आसपास, धाकटा आठच्या. या देखाव्याची चित्रे काढायला चित्रकारांची रीघ लागली. त्यांच्या छापील प्रती विलायतेत घरोघर गेल्या. पराभूत राजाची लेकरे आणि त्यांचा हात प्रेमाने धरणारा सेनापती हे दृश्य विजेत्याला फार आवडले.

मराठी माणसाने या बैठकीपुढे जरा जास्त वेळ थांबावे. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत पेशव्यांची फौज कॉर्नवॉलिसच्या बाजूने होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन श्रीरंगपट्टणच्या छावणीत हजर होते. टिपूने दिलेल्या तीन कोटी तीस लाखांच्या खंडणीत आणि मुलखात आपला वाटा होता आणि आपली हद्द तुंगभद्रेला भिडली होती. पुढे बारा वर्षांच्या आत असई झाली. किल्ल्यातला तो दगड केवळ इंग्रजांची फुशारकी म्हणून पाहिला तर आपण स्वतःला फार सोप्यात सोडवून घेतो. पुण्याच्या दरबाराने या विजयाचा आनंदच मानला होता. असईला तरी 'आपले' आणि 'परके' असे सरळ दोन भाग कुठे पडतात? शिंद्यांच्या कवायती पायदळाचा म्होरक्या पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन आणि वेलस्लीचे बहुतेक शिपाई इथल्याच मातीतले. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांची मुले दोन्हीकडून मेली.

मग या वस्तूंचे करायचे काय? काढून फेकायच्या की जपायच्या? चेन्नईने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला फार समंजस वाटते. ते उत्तर या शहराने रस्त्यावर उतरून, तुरुंगात जाऊन दिले आहे.

माउंट रोडवर जेम्स नीलचा पुतळा होता. मद्रास फ्युझिलियर्स घेऊन हा कर्नल १८५७ मध्ये बनारस, अलाहाबाद आणि कानपूरला गेला. वाटेतल्या गावांतून त्याने झाडाझाडाला माणसे टांगली. कानपूरला तर फाशीपूर्वी कैद्यांना रक्ताने माखलेली जमीन चाटायला लावण्याचा हुकूम त्याने काढला. २५ सप्टेंबर १८५७ रोजी लखनौच्या गल्लीत तो मारला गेला आणि चार वर्षांत मद्रासेत वीर म्हणून उभा राहिला. १९२७ साली तिरुनेलवेलीच्या सोमयाजुलूंच्या पुढाकाराने या पुतळ्याविरुद्ध सत्याग्रह झाला. स्वयंसेवक हातोडे घेऊन जात, घाव घालत, पकडले जात आणि शिक्षा भोगत. पुढे मुख्यमंत्री झालेले कामराज तेव्हा विशीतले कार्यकर्ते होते आणि त्यांचे हात या चळवळीला लागले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गांधीजी मद्रासला आले. नीलच्या कृत्यांचे ते स्मारक हटले पाहिजे हे त्यांनी मान्य केले, मात्र मार्ग अहिंसेचा असावा आणि राग व्यक्तीवर नसावा हेही बजावले. १९३७ मध्ये राजाजींचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने पुतळा उचलून एग्मोरच्या संग्रहालयात ठेवला.

त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले, की सर टॉमस मन्रो आजही घोड्यावर बसलेला आहे. फ्रान्सिस चँट्रेने घडवलेला हा पुतळा १८३९ पासून तिथे आहे. मन्रो हाही मुळात लष्करी माणूस. १८१८ च्या मे महिन्यात पेशव्यांच्या सैन्याकडून सोलापूर घेतले ते यानेच. पण मद्रास इलाख्यात त्याची ओळख वेगळी होती. जमीनदाराला मध्ये न घेता थेट कुळाशी सारा ठरवणारा, रयतेची भाषा शिकलेला कारभारी म्हणून लोक त्याला मानत. तिरुपतीच्या नैवेद्यात त्याच्या नावाचे गंगाळ आहे, मंत्रालयमच्या राघवेंद्र स्वामींच्या आख्यायिकेत तो आहे. नीलवर हातोडा उगारणाऱ्या पिढीने मन्रोला हात लावला नाही. पुतळा गोऱ्याचा आहे एवढ्यावर निकाल न देता त्या माणसाने इथे काय केले, ते लोकांनी विचारले. मुंबईचा काळा घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला तेव्हा असा काही विचार झाल्याचे दिसत नाही. आणि वेलस्लीच्या मुंबईभेटींच्या स्मरणार्थ १८६५ साली बांधलेले वेलिंग्टन कारंजे रीगल सिनेमापुढे उभेच आहे. असईशी त्याचा संबंध जोडून पाहणारा मुंबईकर मला क्वचितच भेटला.

भारतीय सेनेनेही आपला निकाल दिला आहे. इथल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान स्वातंत्र्यानंतर ध्वजावरून उतरवले गेले. असईचा सन्मानही त्यात गेला. हत्ती मात्र राहिला आणि तो राहिला हे योग्यच झाले असे मी मानतो. तो वेलस्लीचा नाही. तोफांच्या तोंडी सरळ चालत गेलेल्या मद्रासी शिपायाचा आहे.

शिपायाच्या नावाचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही सुटला नव्हता. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव, महिदपूर या लढायांच्या नावांच्या पट्ट्या असलेले 'आर्मी ऑफ इंडिया' पदक निघाले ते १८५१ मध्ये आणि तेही फक्त हयात असलेल्यांना. असईला विशीत असलेला शिपाई तोवर सत्तरीला टेकला होता. हे पदक सगळ्यांना चांदीचेच होते, एवढी सुधारणा झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर उतरंड पुन्हा आली. सैनिकाला ब्रिटिश युद्धपदक चांदीचे, तर ओझी वाहणाऱ्या, रस्ते खणणाऱ्या मजूर तुकड्यांना ब्राँझचे.

त्या युद्धातली कुतची कथा मराठी घरांनी तरी विसरू नये. मेसोपोटेमियातल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. महिनोन् महिने कुतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या कैद झाल्या. सेनापती टाउन्शेंडला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगला दिला आणि इंग्लंडच्या राजाने सर हा किताब दिला. त्याचे शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि वाटेवर मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावे खोदली गेली; हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांची नावे आली, बाकीच्यांची पलटणवार संख्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी केली आणि निदान १ लाख १६ हजार मृतांची, त्यांत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी दखल घेतलीच गेली नाही असे कबूल करून माफी मागितली.

आपल्या आणि मद्रास इलाख्यातल्या कितीतरी गावांत एक संगमरवरी पाटी सापडते. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली, चुन्याचे थर चढलेली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले, म्हणून ते गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखले जाते. बाकीच्या गावांत आकडा आहे, नावे घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर संपत चालली आहेत.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या संग्रहालयात कॉर्नवॉलिसच्या पुतळ्यापाशी हरिपंत फडक्यांच्या छावणीचाही उल्लेख यावा, आणि वेलिंग्टनच्या रेजिमेंट केंद्रात असईच्या हत्तीशेजारी त्या मराठी गोलंदाजांबद्दल चार ओळी लागाव्यात, ही माझी मागणी आहे. ती सरकारने पुरी करायची. दुसरी विनंती वाचकांना आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा असतो, म्हणून कड कोणी पाहत नाही. अशी कितीतरी पदके सोनाराने चांदीच्या भावाने घेऊन वितळवली आहेत. पणजोबांच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात असे काही असेल तर विकण्याआधी, निदान कोणाला देण्याआधी, उजेडात धरून ती कड वाचा, त्यावरचे नाव वहीत उतरवून ठेवा आणि गावच्या पाटीखाली ते लिहून घ्या.