पंपाची बंदूक आणि आप्पांचा शाळू

जी वस्तू आपल्या काहीच कामाची नाही, ती ज्याच्या कामाची आहे त्याला नाकारण्याचा हक्क आपल्याला असतो का? वस्तू शिडी किंवा सायकल असेल तर बहुतेक जण ‘नसतो’ म्हणतील. वस्तू बंदूक असेल तर तितक्याच पटकन उलट उत्तर येईल. हे दुसरं उत्तर मला वाटतं तितकं सरळ नाही. का नाही, ते इथे मांडायचं आहे.

बंदूक म्हणजे छऱ्याची, हवेवर चालणारी. मी हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि वीसेक वर्षांपासून जुन्या एअर रायफली जमवतो. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात फुगे फोडायला जी बंदूक हातात मिळते ती नळी मोडून भरायची; आत स्प्रिंग असते, एकदा नळी मोडली की ती दाबली जाते. आपल्याकडे बहुतेक सगळ्या याच जातीच्या. पाइप बनवणाऱ्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनेही एके काळी अशा रायफली काढल्या होत्या. त्यातली एक माझ्याकडे आहे आणि अजून नेमात चोख आहे.

पंपाच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. तिच्या नळीखाली लाकडी मूठ असलेला दांडा असतो. तो खाली ओढून परत बसवला की थोडी हवा आतल्या कप्प्यात कोंडली जाते. पुन्हा ओढला की आणखी थोडी. जवळच्या डब्याला तीन पंप पुरतात, लांबच्या नेमाला आठ मारावे लागतात. एक छरा सुटला की कप्पा रिकामा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अमेरिकेत बेंजामिन, शेरिडन, क्रॉसमन या कंपन्यांनी अशा रायफली मोठ्या प्रमाणावर विकल्या. शेरिडनची पहिली १९४७ची. क्रॉसमनचं ‘७६०’ हे मॉडेल १९६६मध्ये आलं आणि तिथल्या कित्येक पोरांची ती पहिली बंदूक ठरली. माझ्याकडची बेंजामिन ३१७ तिकडून परतलेल्या एका नातेवाइकाच्या सामानातून आली. शेरिडन मात्र माझ्या संग्रहात नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेली हवेची बंदूकच विनापरवाना ठेवता येते. शेरिडनचा छरा पाच मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी तिच्या फोटोवर समाधान मानतो.

या बंदुकीचं दुखणं बहुधा एकच असतं: पंपाचा वायसर. सायकलच्या पंपात असतो त्याचाच हा भाऊ. तेलाचा थेंब मिळाला नाही की तो वाळतो आणि हवा धरत नाही. ठेवतानाही एक पथ्य असतं. आत एक पंप हवा राहू द्यायची, म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट राहतो आणि धूळ शिरत नाही. थोडक्यात, कपाटात कुलूपबंद असलेली ही बंदूक कधीच पूर्ण रिकामी नसते. छरा नसतो, पण थोडा जोर असतो. ‘नुसती शोभेची आहे’ असं तिच्याबद्दल म्हणताना मला हे आठवतं.

मी तिच्याने कागदावर आणि डब्यांवर नेम धरतो, सजीवावर नाही. हा खेळ किती स्वच्छ असू शकतो हे सांगायला ऑलिंपिक पुरेसं आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असतं. अभिनव बिंद्राने २००८मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं ते तेवढ्या ठिपक्यावर. तिथे शत्रू नाही, शिकार नाही. आपला श्वास आणि आपलं बोट, एवढंच.

माझं हे स्वच्छ घर आप्पांनी हलवलं. आप्पांचं रान माझ्या रानाला लागून आहे. आमच्या शिवारात आता खरिपाला सोयाबीन आणि जिकडे पाणी तिकडे हळद. रब्बीला शाळू पेरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि आप्पा त्यांतले एक. बैलांना कडबा हवा आणि घरात भाकरी हवी, एवढं त्यांचं कारण. पूर्वी सगळं शिवारच ज्वारीचं असायचं तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खायची. आता तीच पाखरं एकट्या आप्पांच्या दोन एकरांवर उतरतात.

पाखरं म्हणजे मुख्यतः भोरड्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना पावसाळा सरता सरता मध्य आशियाच्या बाजूने येते आणि उन्हाळा तापला की परत जाते. थवा वळतो तेव्हा आभाळात कुणी चादर झटकल्यासारखं दिसतं. शहरातली माणसं त्याचे व्हिडिओ काढायला येतात. आप्पा तेव्हा कणसांकडे बघत असतात.

दाणा दुधात आला होता तेव्हा ते घरी आले. म्हणाले, “गुरुजी, ती तुमची पंपाची बंदूक द्या की आठ-पंधरा दिस. चार-दोन पाडून काठीला टांगतो. मग बाकीची फिरकायची न्हाईत.”

मी आधी कायदा काढला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, भोरडीला मारणं गुन्हा आहे. आप्पा म्हणाले, “ठावं हाय. डुकरानं, रोह्यानं खाल्लं तर अर्ज तरी करता येतो. पाखरानं खाल्लं तर कुणाकडं जावं?” मग मी पक्ष्याची बाजू मांडली. भोरडी टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्या शिनच्यांगमध्ये टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचतात. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. “असंल. पण किडे खातेत ते सगळ्याच्या रानात, दाणे खातेत ते माझ्या एकट्याच्या.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते अजून माझ्या डोक्यात आहे. आप्पा नर्सीला जाणारे, माळकरी. नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यात. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा इथे शाळेत जाण्याआधी कळते. आप्पा म्हणाले, “गुरुजी, नामदेव महाराज धावले ते खरं. पण भाकर त्यांची सोताची होती.”

भूतदयेबद्दल मी जे वाचलं आहे त्यात याहून नेमका आक्षेप मला सापडलेला नाही. पेन्शन खाणाऱ्या माणसाने शाळू पिकवणाऱ्याला पाखरांवर दया करायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून दान करणं.

मग बंदूक द्यायची का? इथे मला जैन विचाराचा आधार घ्यावा लागतो. औंढा तालुक्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचं क्षेत्र आहे. तिथे जाणाऱ्या एका स्नेह्याकडून मला हिंसेचे चार प्रकार समजले. घरकामात टाळता न येणारी ती आरंभी. शेती-व्यवसायात होते ती उद्योगी. स्वतःच्या, आपल्या माणसांच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणात होते ती विरोधी. आणि मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी. संसारी माणसाला पहिल्या तीन पूर्ण सुटत नाहीत, त्याने त्या कमी कराव्यात. चौथी मात्र त्यानेही सोडायलाच हवी.

आप्पांची भोरडी कुठल्या खान्यात बसते? पीक राखायचं म्हणून ती विरोधी, असं आप्पांचा वकील म्हणेल. गोफणीचा गुंडा थव्यात भिरकावला आणि एखादं पाखरू दगावलं, तर मीही तसंच म्हणेन. तिथे हेतू उडवण्याचा असतो. पंपाच्या बंदुकीत ही पळवाट नाही. दांडा आठ वेळा ओढायचा, छरा बसवायचा, एक पाखरू निवडायचं, श्वास धरायचा, चाप ओढायचा. आठ वेळा हात चालवून झालेली गोष्ट ‘होऊन गेली’ म्हणता येत नाही. प्रत्येक पंपाला थांबायची संधी असते. काही लोक हे या बंदुकीचं नैतिक श्रेष्ठत्व मानतात: ती विचार करायला वेळ देते. मला ते अर्धंच पटतं. वेळ मिळूनही जो थांबला नाही त्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

याला एक उत्तर नेहमी दिलं जातं: सालिम अली. मुंबईच्या या मुलाच्या हातात लहानपणी छऱ्याची बंदूक होती. त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. त्यातून भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. त्यांच्या १९८५च्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरूनच आहे. पुढे १९३१-३२मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आमचा हिंगोलीचा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पाहणी म्हणजे नमुने गोळा करणं, आणि नमुना बंदुकीनेच मिळे.

पण यातून काय सिद्ध होतं? बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये या प्रकाराला ‘नैतिक दैव’ अशा अर्थाचं नाव दिलं. कृती तीच, पण पुढे काय घडलं यावरून आपण तिला बरी-वाईट ठरवतो. सालिम अली मोठे झाले म्हणून ती चिमणी सार्थकी लागली असं वाटतं. त्याच काळात इतर पोरांनी पाडलेल्या चिमण्यांचं कुणी नाव काढत नाही. माझ्या मते त्या मुलाचं वेगळेपण नेमात नव्हतं. पाडल्यावर त्याने पक्षी हातात घेतला, डाग पाहिला आणि ‘हा कोण?’ असं विचारलं. प्रश्न विचारायला आधी मारावं लागतं, हे मात्र कुठे ठरलेलं नाही. आज दुर्बीण आहे, कॅमेरा आहे.

दुसऱ्या टोकाला अरुणाचल प्रदेश. तिथे २०२१मध्ये एअर गन जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी हजाराहून अधिक बंदुका आपण होऊन सरकारजमा केल्या. मला त्या बातमीत संख्येपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. तिथे शिकार हा रोजच्या जगण्याचा आणि रीतीचा भाग होता. बंदूक देणाऱ्याने आपलं काहीतरी दिलं. मी आप्पांना नकार दिला तर माझं काय जाणार होतं? काहीच नाही. बंदूक कपाटातच राहणार, शाळू त्यांचा जाणार.

म्हणून मी इथवर आलो: बंदूक द्यायची नाही, पण नकार फुकटातही द्यायचा नाही. ज्या पाखरांना वाचवायचं माझ्या मनात आहे त्यांचा खर्च काही अंशी तरी माझ्या अंगावर यायला हवा. पैसे देऊ केले तर आप्पा घेणार नव्हते आणि आमच्यातली शेजाराची रीत त्याने बिघडली असती. मी सकाळची राखण मागून घेतली. तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत, म्हणजे थवे उतरण्याची खरी वेळ. आप्पा संध्याकाळची करणार.

शाळू काढणीला येईपर्यंत मी माळ्यावर बसलो. गोफण फिरवता येते असं वाटत होतं. पहिले चार दिवस गुंडे कुठेही जात होते. पण गोफणीची दोरी कडाडते त्या आवाजानेच थवा उठतो, गुंडा लागावा लागत नाही. छऱ्याच्या बंदुकीचा आवाज त्यापुढे फुसका. एका पहाटे तर थवा माझ्या डोक्यावरूनच वळला आणि मी गोफण तशीच धरून बघत राहिलो. तेवढ्यात धुऱ्यावरून आप्पांची हाक आली: “गुरुजी, बघत काय बसलाव!”

याचा हिशेब सांगायला हवा. पाखरांनी तरीही खाल्लं; माझ्या अंदाजाने बंदूक चालली असती त्यापेक्षा कमी खाल्लं, पण आप्पांना तसं वाटत नाही. ते आभार मानत नाहीत आणि मला ते योग्य वाटतं. मी त्यांच्यावर उपकार करत नव्हतो, माझ्या मताची किंमत भरत होतो. रास झाल्यावर त्यांनी पायलीभर ज्वारी घरी पाठवली. येत्या हंगामात शाळू एकच एकर घेईन, बाकीचा हरभरा, असं ते आता म्हणतात. म्हणजे पुढच्या वर्षी थवे एका एकरावर येतील. एका म्हाताऱ्या मास्तराच्या सकाळी हे कोडं सोडवू शकत नाहीत. आपल्याला भोरड्यांचे थवे हवे असतील तर त्यांचं जेवण कोण देतंय ते आधी बघावं लागेल, आणि ते देणाऱ्याच्या रानात कुणाकुणाला बसावं लागेल तेही.

बंदुका मी विकलेल्या नाहीत. परवाच बेंजामिनचा वायसर बदलला. डब्यावर तीन पंपांचा नेम अजून बरा लागतो. गोफण मात्र आता कपाटाबाहेर, दाराशी खुंटीला असते, कारण हरभऱ्यावर पोपट येतात आणि आप्पांनी या वर्षीही सकाळ माझ्याच नावावर धरली आहे.