वाढलेल्या बांगड्या



गेल्या माघात आमच्या पुतणीचे लग्न झाले. लग्नात देवघराच्या दाराला काचेचे एक तोरण लागले. त्या तोरणापायी आमच्या घरात पंधरा दिवस जो वाद झाला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी होणारच आहे, म्हणून लिहितो. या हकिगतीत माझी स्वतःची बाजू फार उजळ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तोरण वहिनीने केले. वहिनी म्हणजे नवऱ्या मुलीची आई. माझा थोरला भाऊ जाऊन एकोणीस वर्षे झाली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

तोरण कशाचे, तर फुटक्या बांगड्यांचे. आपल्याकडे जुन्या बायकांना हे काम ठाऊक आहे. लहानपणी मुली बांगड्यांचे तुकडे जमवून काचापाणी खेळत. तुकडे जमिनीवर टाकायचे आणि बाकीचे न हलवता एकेक बोटाने बाजूला काढायचा. खेळून कंटाळा आला की तेच तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवत आणि कडीत कडी अडकवून साखळी करत. वहिनीने तेच काम मोठ्या प्रमाणावर काढले. मेणबत्तीची काजळी धरते म्हणून स्पिरिटचा दिवा आणला. अर्ध्या बांगडीएवढा तुकडा दोन्ही टोकांना चिमट्याने धरायचा आणि मधोमध आच द्यायची. काच लाल होऊन मऊ झाली की टोके जवळ आणायची, आणि मिटण्याआधी आधीची कडी त्यात ओवून घ्यायची. एवढे झाले की काम संपले असे नाही. तापलेली काच उघड्यावर ठेवली तर गार होताना टक्‌ करून तडकते. म्हणून वहिनी चुलीतली ऊन राख पाटीत घेऊन बसायची आणि प्रत्येक नवी कडी त्या राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख चाळली की रात्रभर सावकाश निवालेल्या कड्या हिरव्यागार निघायच्या. पहिल्या आठवड्यात निम्म्या तडकल्या, बोटे भाजली ती वेगळीच. मग हात बसला.

तुकडे बाजारपेठेतल्या कासाराने दिले. त्याच्या दुकानात बांगड्या भरताना रोज पाच-पन्नास फुटतात. त्यानेच एकदा सांगितले की या बांगड्या येतात उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून. तिथे भट्टीतली काच सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, मग ते वेटोळे कापतात. कापले की प्रत्येक कडे तोंडाशी उघडे असते. ती तोंडे कोणीतरी माणूस दिव्याच्या आचेवर एकेक करून जुळवतो, तेव्हा कुठे बांगडी अखंड होते. म्हणजे आपण जिला अखंड सौभाग्याची खूण म्हणतो, ती मुळात तुटलेलीच असते. कुणाच्या तरी भाजलेल्या बोटांनी ती जोडलेली असते.

तोरणाबरोबर आणखी एक काम होते. लग्नाला येणाऱ्या बायकांना द्यायला काचमण्यांची इवली इवली तुळशीवृंदावने. पुण्याच्या रविवार पेठेतून मणी आणि तंगूस आणला. बारा मण्यांचा एक चौकोनी ठोकळा होतो, प्रत्येक कडेला एक मणी. वर हिरव्या मण्यांची तुळस. वहिनीने १४० वृंदावने करायची ठरवली. नुसत्या ठोकळ्यांनाच १६८० मणी लागले. मी चष्मा लावून मदतीला बसलो, पण माझे ठोकळे हटकून तिरके होत. वहिनी काही न बोलता ते उसवून पुन्हा ओवायची.

इथवर सगळे गोड होते. मग आक्का आली.

आक्का माझी सर्वांत थोरली बहीण. पंचवीस-तीस वाऱ्या झालेली, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी. तिने पाटीतले तुकडे पाहिले आणि तिथेच बसली. म्हणाली, “मंगलकार्यात फुटकी काच? आणि ती हिच्या हातची?”

आपल्या भाषेत सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढते. नारळसुद्धा देवापुढे वाढवतात. संपले, तुटले हा शब्द तोंडातून जाऊ नये, म्हणून आपल्या आज्यांनी ही रीत घातली, आणि मला ती फार आवडते. माणूस नाशाच्या क्षणालाही वाढीचे नाव देतो, यात केवढा विश्वास आहे! पण त्याच आज्यांनी नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्यांना मात्र तो शब्द दिला नाही. तिच्या बांगड्या वाढवत नाहीत, फोडतात. काच तीच, हात तोच, कालपर्यंत वाढत असलेली बांगडी आज फुटते. एवढ्या एका क्रियापदात बाईचे अख्खे आयुष्य इकडचे तिकडे होते.

एकोणीस वर्षांपूर्वी वहिनीच्या बांगड्या आमच्या उंबऱ्यावर फोडल्या, तेव्हा मी दोन हातांवर उभा होतो. गळ्यात माळ होती. गल्लीतल्या बायकांनी तिचे हात धरले होते. तोंडातून माझ्या एक शब्द निघाला नाही. दुसऱ्या वर्षी आषाढीला वहिनी आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालली आणि मी रोज सकाळी, आपल्या रीतीप्रमाणे, तिच्या पाया पडत होतो. वाटेवर ती माउली, आणि घरी हळदीकुंकवाचे ताट फिरताना ती दिसेनाशी. हे दोन्ही मीच करत होतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे मला कितीतरी वर्षे वाटलेही नाही. दिंडीत तुळस कोणाच्या डोक्यावर द्यायची हे ठरवताना हिचा नवरा आहे की नाही असे कोणी विचारत नाही. मग आपल्याच घराच्या उंबऱ्यावर हा प्रश्न कुठून उगवतो?

आक्काला समजवायला मी ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय काढला. गीतेत भगवंत म्हणतात की दोऱ्यात मणी ओवावेत तसे हे सारे माझ्यात ओवलेले आहे. मणी वेगळे आणि दोरा वेगळा, एवढे द्वैतही माउलींना राहू द्यायचे नव्हते. त्यांनी मणीही सोन्याचे केले आणि दोराही सोन्याचा. मी आक्काला म्हणालो, “वहिनीचे तोरण बघ. त्यात दोराच नाही. ओवणारीही काच, ओवलेलीही काच. सगळे एकच असेल तर त्यात अशुभ ठेवायला जागा कुठे उरली?”

मला वाटले, चांगले जमले. प्रवचनात हे वाक्य टाळ्या घेऊन गेले असते.

आक्का म्हणाली, “मला नको शिकवूस. ज्ञानेश्वरी मीपण वाचते. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर लोक ज्ञानेश्वरीकडे बोट दाखवणार नाहीत. हिच्याकडे दाखवतील.”

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री झोपही आली नाही. आक्का दुष्ट नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत वहिनीविषयीची काळजीसुद्धा होती. शुभ-अशुभाचा विचार आपण अडाणीपणा म्हणून उडवून लावतो, तेव्हा त्याच्या मुळाशी काय आहे ते बघत नाही. दुःख आले की माणसाला ते कुणाच्या तरी पदरात घालावेसे वाटते. कोणाच्या पायगुणाने झाले, कोण आडवे आले, कोणाच्या हातचे तोरण होते. कारण सापडले की दुःख थोडे हलके होते, असा भास होतो. फक्त त्या कारणाला बहुतेक वेळा एक बाई लागते, आणि तिला उलटून बोलता येत नाही अशी लागते.

दुष्काळात तुकोबारायांची थोरली बायको गेली, मुलगा गेला. दुकान बसले. ते पायगुण शोधत बसले नाहीत, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. आपण त्यांची गाथा डोक्यावर घेतो. पण दुःख कोणाच्याही पदरात न घालता आपल्याच पदरात घेऊन बसणे किती अवघड असते, त्याचा अंदाज मला त्या रात्री पहिल्यांदा आला. भाऊ गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी आमच्या दुःखाचा वाटा उंबऱ्यावर वहिनीच्या मनगटावर फोडला होता. ती मात्र आपला वाटा कोणावर फोडू शकली नव्हती.

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की गावात विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. पुढे शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. फार मोठी गोष्ट झाली. मीही उत्साहात येऊन वहिनीला म्हणालो, “लग्नात माईकवर हे सगळे सांगतो, तोरण कोणी केले तेही सांगतो.”

वहिनी कडी राखेत पुरत होती. म्हणाली, “भाऊजी, तोरण लावा. भाषण नको.”

मी सुधारक म्हणून मिरवायला निघालो होतो, ते तिला बरोबर कळले.

शेवटी तोड आक्कानेच काढली. मांडवाच्या दाराला आंब्याचे तोरण, काचेचे देवघराच्या दाराला. वहिनीने वाद घातला नाही. “विठोबाच्या दाराला तर विठोबाच्या,” म्हणाली आणि पुन्हा दिव्यापुढे बसली. वृंदावनांचे मात्र तिने ऐकले नाही. आक्काला ती हळदीकुंकवाच्या ताटात हवी होती, म्हणजे आपोआप सवाष्णींनाच गेली असती. वहिनी म्हणाली, “तुळस आहे ती, आक्का. जी येईल तिला द्यायची.” आक्का गप्प राहिली. तुळशीपुढे तिचेही काही चालेना.

लग्नाच्या चार दिवस आधीची एक गोष्ट सांगतो. तोरणाला शेवटचा पदर कमी पडला. कासाराचे तुकडे संपले होते. वहिनी उठली आणि माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून आणला. त्यात हिरवे तुकडे होते, बारीक, काहींवर सोनेरी रेघ. मी विचारले, “हे कुठले?”

“हिच्या खेळातले,” ती म्हणाली.

मग माझ्या ध्यानात आले. त्या दिवशी सगळे रडत होते तेव्हा पाच वर्षांची पोर उंबऱ्याशी बसून तुकडे वेचत होती. तिला वाटले, काचापाणीला एवढे सारे एकदम मिळाले. तो डबा वहिनीने एकोणीस वर्षे ठेवला होता. खेळून झाल्यावर टाकून का दिला नाही, ते मी विचारले नाही. नवरी मुलगी शेजारीच बसून मणी ओवत होती. तिने डबा पाहिला, आईकडे पाहिले आणि चिमटा उचलून आईच्या हातात दिला.

“लहान तुकडा आचेवर जरा जास्त धरावा लागतो,” वहिनी म्हणाली. “बाकी काही नाही.”

सकाळी राख चाळली तेव्हा कासाराच्या कड्या कोणत्या आणि डब्यातल्या कोणत्या, हे मला ओळखता आले नाही. हे आक्काला मी आजवर सांगितलेले नाही. ही लपवाछपवी म्हणायची की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला, आणि अजून नक्की उत्तर नाही. हा अंक तिच्या घरी जातो. वाचेल तेव्हा कळेलच.

लग्नाच्या सकाळी नवरानवरी नमस्काराला देवघरात गेली. पाठोपाठ दोन्हीकडची सगळी माणसे गेली, कारण देवाच्या पाया पडायला कोण जात नाही? सगळेच त्या तोरणाखालून गेले. आमचा दरवाजा बुटका आणि आक्का उंच. ती चांगली वाकून गेली. काचा तिच्या पदराला लागून किणकिणल्या.

त्याआधी चुडा भरायला कासार घरी आला होता, तेव्हाचेही सांगायचे राहिले. नवरीचा हिरवा चुडा भरून झाला, एका हातात एक बांगडी जास्त. मग ओळीने बायका बसल्या. वहिनी आत स्वयंपाकघरात होती. नवरी म्हणाली, “काका, आता आईचं माप घ्या.” कासाराचा हात पेटीवर थांबला. त्याने आक्काकडे पाहिले. सगळ्याच बायकांनी पाहिले. आक्का किती वेळ बोलली नाही कोण जाणे.

“सव्वादोन,” ती शेवटी म्हणाली. “पूर्वी सव्वादोन होतं तिचं.”

वहिनी बाहेर आली ती नको नको म्हणतच. एवढ्या वर्षांत मनगटाला सवय नाही, कामात अडेल, काय काय सांगितले. शेवटी डाव्या हातात एक भरून घेतली. एकच.

पाहुणे पांगले, घर आवरले. आठ-दहा दिवसांनी आक्काचा फोन आला, तेव्हा वहिनी भांडी घासून नुकतीच आत आली होती. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. बोलता बोलता वहिनी म्हणाली, “आक्का, ती बांगडी गेली बघा आज. कढईची कड लागली.”

पलीकडून आक्का म्हणाली, “वाढवलीस होय गं? मग उद्या जाऊन दुसरी भर. आणि हात मोकळा ठेवू नकोस तोवर.”