त्यासुद्धा हसल्या

‘त्यासुद्धा हसल्या ना, मग तुमच्या पोटात का दुखतं?’ या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं, की व्हिडिओपेक्षा त्याचीच चीड जास्त आली आहे. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. थायलंडच्या इसान भागातलं घर, सोंगक्रानच्या सणाला आलेला परदेशी जावई, खोक्यांतून निघालेली यंत्रं, आणि वॉशिंग मशीनचा ड्रम गरगर फिरायला लागल्यावर दचकून मागे सरलेली सासू. तो दचका पुन्हा पुन्हा फिरवून दाखवला आहे. आपल्याकडच्या सुशिक्षित मंडळींनी तो ‘किती गोड आजी’ असं लिहून पुढे पाठवला. मलाही आला, अगदी ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांच्याकडून.

हसल्या म्हणजे काय झालं? समोरचा माणूस त्यांच्या मुलीचा नवरा आहे. दारात शेजारपाजार जमला आहे, सणाचा दिवस आहे आणि तोंडासमोर मोबाइल रोखलेला आहे. अशा वेळी त्या बाईंनी काय केलं असतं म्हणजे तुम्हाला कळलं असतं, की त्यांना हे आवडलेलं नाही? रडायला हवं होतं? जावयाच्या हातातला मोबाइल हिसकावून घ्यायला हवा होता? घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणू नये, चारचौघांत कुणाला खाली बघायला लावू नये, हे थायलंडच्या खेड्यात लहानपणापासून अंगवळणी पाडलं जातं. अशी बाई अवघडली तरी हसते, दुखावली तरी हसते आणि काय करावं ते सुचलं नाही तरी हसते. हे जावयाला ठाऊक नसेल, तर इतकी वर्षं त्या घरात जेवून तो शिकला काय?

आणि ही सबब नेहमी वरून खालीच चालते. साहेबानं टिंगल केली की शिपाई हसतो. वरपक्षानं टोमणा मारला की मुलीचा बाप हसतो. मास्तरांनी उच्चाराची नक्कल केली की वर्गात मागे बसलेलं पोरगंही हसतं, आणि घरी जाऊन गप्प बसतं. ज्याला न हसण्याची मुभाच नाही, त्याच्या हसण्याला संमती म्हणणं हा धडधडीत लबाडपणा आहे. ही गोष्ट एकदा उलटी करून बघा. त्या सासूबाईंनी जावयाला पहाटे उठवून चुलीपुढे बसवलं, कोळसे फुलवायला लावले, वाफाळत्या भाताची टोपली एका हिसक्यात उलटायला सांगितली, आणि भात त्याच्या पायावर सांडला तेव्हा नातवाला शूटिंग करायला लावलं. जावईसुद्धा हसेल, मला मान्य आहे. पण नंतर ‘ते पुसून टाक’ असं तो सांगू शकतो आणि ते पुसलं जाईल. सासूबाईंना ते सांगता येत नाही. आपला दचका कुठे कुठे फिरतो आहे, हे त्यांना कदाचित कधी कळणारही नाही. मग ‘त्यासुद्धा हसल्या’ हे त्यांच्या वतीनं सांगणारे तुम्ही कोण?

प्रेमापोटी केलं, सगळेच करतात, म्हाताऱ्यांनी नवं शिकू नये का, या बाकीच्या सबबींवर मी जागा घालवत नाही.

आता राईस कुकरबद्दल. व्हिडिओत सासूबाई तो उघडून बघतात आणि बाजूला ठेवतात. त्यावर जावई मान हलवतो, जणू त्यांना काही समजलं नाही. समजलं नाही ते त्याला. इसानमध्ये रोजच्या जेवणात चिकट तांदूळ असतो. त्यात अमायलोज नावाचं पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे आपल्या भातासारखं पाण्यात शिजवलं की त्याचा लगदा होतो. तो रात्रभर भिजत घालायचा, सकाळी निथळून ‘हुआद’ या शंकूच्या आकाराच्या बांबूच्या टोपलीत भरायचा आणि गळ्याशी निमुळत्या भांड्यावर ती टोपली बसवून वाफवायचा. मध्येच एका झटक्यात सगळा भात टोपलीतच उलटा करायचा, म्हणजे वरचा खाली जातो. झाला की पाटावर पसरून त्यातली वाफ दवडायची आणि मग झाकणाच्या विणलेल्या ‘क्रातिप’मध्ये ठेवायचा. ती टोपली श्वास घेते, म्हणून भात ना गिजगिजीत होतो ना कोरडा पडतो. हे सगळं उजाडायच्या आत, कारण भिक्खू भिक्षेला निघतात आणि त्यांच्या पात्रात तो गरम भात पडायला हवा. या कामात पाणी मोजून बटण दाबणारा साधा कुकर काय कामाचा? त्या बाईंनी खोक्यात डोकावून क्षणभरात जे ओळखलं, ते दुकानात पैसे मोजताना जावयाला कळलं नाही.

राईस कुकर स्वतः जन्माला आला तो नेमका अशाच जाणत्या बाईच्या हातून, म्हणून तर वाईट जास्त वाटतं. तोशिबानं पहिला यशस्वी स्वयंचलित कुकर 1955 मध्ये बाजारात आणला. त्याच्यामागे योशितादा मिनामी हे छोटे कारखानदार होते आणि भात शिजवून बघण्याचं काम त्यांच्या पत्नी फुमिको करत होत्या. चुलीवर भात होताना आच केव्हा मोठी, केव्हा मंद, किती वेळ उकळी, हे त्यांनी घरात पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान शंभर अंशांच्या वर चढतं आणि बटण आपोआप पडतं, ही युक्ती त्यातून बसली. आधी भात करणाऱ्या बाईचं ज्ञान, मग यंत्र. जावई हा क्रम उलटा करून घरात शिरतो.

मी चुलीची आरती करणारी नाही, हे स्पष्ट सांगते. कोळशाच्या धुरानं डोळे जातात, छाती भरते, आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणणारे स्वतः कधी फुंकणी हातात धरत नाहीत. पण मग मदत कशी करायची ते विचारा तरी. गॅसची शेगडी आणली असती तर तेच भांडं, तीच टोपली तिच्यावर बसली असती. इंडक्शन आणलंत तर ते बसणार नाही, कारण ती भांडी बहुधा ॲल्युमिनियमची असतात आणि इंडक्शन त्यांना ओळखतच नाही. ते फक्त पीं पीं करत राहतं. (या पीं पींवर माझा जुना राग आहे. काय चुकलं ते सांगत नाही, नुसतं ओरडतं, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपलंच चुकलं.) मिक्सरचंही तसंच. दगडी किंवा मातीच्या खलात मिरची-लसूण चेचला जातो आणि त्याचा रस सुटतो. पातं नुसतं चिरतं. सोम तम या कोशिंबिरीत कच्च्या पपईला हलक्या हातानं ठेचायचं असतं, मिक्सरमध्ये तिची चटणी होते. त्या बाईंनी मिक्सर कपाटावर ठेवला तर त्यांचं बरोबरच आहे.

वॉशिंग मशीनचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि व्हिडिओवर हसणाऱ्या कुणालाही तो दिसला नाही. थायलंडमध्ये जुन्या वळणाच्या घरांत बायकांचे कमरेखालचे कपडे पुरुषांच्या सदऱ्यांबरोबर भिजवत नाहीत. त्यांची बादली वेगळी, वाळत घालायची दोरी वेगळी आणि खाली. त्या दोरीखालून पुरुष जात नाही. गळ्यातल्या ताइताचं सामर्थ्य जातं अशी समजूत आहे. आणि जावयानं काय केलं? सासूचं फा सिन म्हणजे नेसूचं वस्त्र, सासऱ्यांचे सदरे, स्वतःची पँट, सगळं एकाच ड्रममध्ये कोंबलं. मशीन फिरायला लागलं तेव्हा त्या बाई मागे सरल्या त्या कदाचित आवाजाला भिऊन नव्हेच. ज्यांनी आजीचं सोवळं काठीनं उचलून वळचणीला वाळत घातलेलं पाहिलं आहे, त्यांना तरी हे कळायला हवं होतं. बायकांच्या कपड्यांनी पुरुषाचं काही बिघडतं, ही कल्पना मला मुळीच पटत नाही. इथली पटत नव्हती, तिथलीही नाही. पण ती मोडायचा अधिकार त्या घरातल्या मुलीला आहे, नातीला आहे, खुद्द सासूबाईंना आहे. सुट्टीवर आलेल्या जावयानं ड्रमचं झाकण लावून ती मोडायची नसते. दोन वेळा मशीन लावा, संपलं. पाण्याची आणि विजेची थोडी नासाडी होईल. होऊ दे.

माझी भाची इसानमधल्याच खोन केनजवळच्या एका गावातली सून आहे. तिला मी फोन लावला, मुख्यतः माझा राग कुणाला तरी ऐकवायला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला. सासूबाईंना ती मॅ म्हणते, म्हणजे आईच. ती म्हणाली, ‘मावशी, मी आधी काही आणलंच नाही. मॅच्या बरोबर पहाटे उठून बसायचे. कुठे वाकताना त्यांचा गुडघा दुखतो, कुठल्या हंड्याला हात लावताना त्या थांबतात, ते बघायचे.’ मॅचं दुखणं भातात नव्हतंच. ते होतं ओले जाड कपडे पिळण्यात. म्हणून घरात आलं ते दोन टबांचं मशीन, ज्यात पाणी बादलीनं भरता येतं. गावच्या नळाला दाब कमी, पूर्ण स्वयंचलित मशीन तिथे ताटकळतं आणि पुन्हा तेच, पीं पीं. मॅ सदरे मशीनच्या टबात घालतात, फा सिन अजून बादलीत धुतात, आणि पिळायला मात्र एकामागून एक दोन्ही त्याच दुसऱ्या टबात टाकतात. हा नियम त्यांनी स्वतः बसवला आहे. त्यात तर्क शोधायला जाऊ नये. त्यांच्या मनगटाला आराम मिळाला, मला पुरे.

बटणांजवळ भाचीच्या नवऱ्यानं थाई अक्षरांत मोठ्या चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या आहेत. हे फार मोठं काम आहे, आणि करायला कुणी तयार नसतं. माहितीपुस्तिका मुंगीच्या अक्षरांत छापणाऱ्या कंपन्यांना आईबाप नसतात काय? थायलंडमध्ये साठी ओलांडलेली माणसं आता लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात आहेत. मुलं बँकॉकला किंवा फुकेतला नोकरीवर, नातवंडं आजी-आजोबांजवळ, अशी घरं इसानमध्ये गावोगाव आहेत. म्हणजे मशीन बिघडलं, फ्यूज उडाला की जवळ असणार ती आजी आणि शाळकरी पोर. सोंगक्रानचा पहिला दिवस, 13 एप्रिल, तिथे राष्ट्रीय वृद्ध दिन म्हणूनही पाळतात. धाकटी माणसं थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात. त्याच सुट्टीत भेटी येतात, खोकी उघडली जातात, फोटो निघतात, आणि मग सगळे शहरात परत. शिकवायला मागे कोण उरतं?

विजेचं बिल कोण भरतं, हेही कुणी विचारत नाही. तिथे सरकारी वृद्धापकाळ भत्ता गेली अनेक वर्षं साठीपुढे महिन्याला 600 बाट, सत्तरीपुढे 700, ऐंशीपुढे 800, असा वयाप्रमाणे दिला जात आला आहे. भेट दिलेला एसी रात्रभर चालवला तर त्यातलं काय उरेल? म्हणून तो एसी भिंतीवर शोभेला राहतो आणि जावयाला वाटतं, म्हातारीला रिमोट कळत नाही. रिमोट कळतो हो. हिशेबही कळतो.

आणि शेवटी ज्या गोष्टीनं मला खरोखर झोप लागली नाही ती. व्हिडिओत भिंतीवरचं सॉकेट नीट दिसतं: दोन भोकांचं. जुन्या लाकडी घरांत अशीच असतात, अर्थिंगची तार नसतेच. थायलंडनं तीन पिनांच्या प्लगचं स्वतःचं मानक 2006 मध्ये आणलं, पण मानक निघालं म्हणून जुन्या भिंतीतली वायर बदलत नाही. मग लोक तिसरी पिन कापतात किंवा मधे अडॅप्टर लावतात. 220 व्होल्टची वीज, ओली जमीन, अनवाणी पाय, धातूचं मशीन. त्यात न्हाणीघरात पाणी गरम करणारं उपकरण बसवलं असेल तर बोलायलाच नको. अर्थिंगविना ते उपकरण जीव घेतं, आणि घेतलेले आहेत. सासूबाई मशीनपासून मागे सरल्या, त्याला तुम्ही भित्रेपणा म्हणालात. त्या घरात विजेबाबत सावध असलेलं माणूस बहुधा तेवढं एकच होतं.

वायरमन बोलवा, जमिनीत तांब्याचा दांडा ठोकून घ्या, तार ओढा, गळती पकडणारा ब्रेकर बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात कुणी दचकत नाही, आणि त्याचा व्हिडिओ काढला तर कुणी बघणार नाही. तरी आधी तेच करा. मशीन मागाहून आणा, नाहीतर नका आणू. त्या इतकी वर्षं कपडे धुतच आहेत.